जुन्या संगणकप्रणालीचे नूतनीकरण आणि आपली कागदपत्रे

आयुर्वेद व्यवसायात संगणकाचा प्रवेश होऊन आता दोन तपांहून अधिक काळ लोटला आहे. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू-भगिनींनी व फार्मसीचालकांनी सन २००० च्या आसपास पहिला संगणक घेतला, गावातल्याच एखाद्या जाणकाराकडून बिलांचे सॉफ्टवेअर बसवून घेतले, श्रीलिपी किंवा तत्सम मराठी फाँटांत रुग्णपत्रके, योगांची निर्माणपत्रके व लेबले तयार केली आणि पुढे 'चालते आहे तोवर चालू द्यावे' हेच धोरण ठेवले. हे धोरण केवळ आळसाचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रणालीत सगळा पूर्वेतिहास साठला आहे, तिला हात लावण्याचे भय रास्तच असते.

तथापि हे धोरण आता निभावणे कठीण आहे. विंडोज एक्सपी व ऑफिस २००३ यांचे उत्पादकाकडील साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १०, ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ यांचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. साहाय्य संपले म्हणून संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही; मात्र त्यातील सुरक्षेची छिद्रे बुजवण्याचे काम थांबते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्राम अशाच, सुधारणा न बसवलेल्या संगणकांत शिरला, फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. दुसरे कारण घरचेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा ज्यांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरचा कर्ता व्यवसाय सोडून गेला होता, त्यांची किती तारांबळ उडाली असेल हे सांगावयास नको.

तेव्हा नूतनीकरण करावयाचे हे निश्चित. प्रश्न आहे तो, करताना काय जपावयाचे याचा.

बहुतेकांना भय वाटते ते फाइल नाहीशी होण्याचे. आमच्या मते खरा धोका त्याहून वेगळा आहे. नाहीशी झालेली फाइल लगेच लक्षात येते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उघडलेली, दिसायला नीटनेटकी, परंतु आत काहीतरी बदललेली फाइल मात्र कित्येक महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. इंग्लंडमध्ये सन २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या सुमारे १६ हजार बाधितांची नोंद अधिकृत आकड्यांतून अशीच गळाली. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरली जात होती. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. नव्या एक्सएलएसएक्स स्वरूपात १०,४८,५७६ मावतात. मर्यादेबाहेरच्या ओळी गळाल्या आणि बाधितांच्या संपर्कातील लोकांचा शोध त्यामुळे लांबला. एवढ्या मोठ्या यंत्रणेत असे घडते, तर चार माणसांच्या फार्मसीत घडणार नाही असे कसे म्हणावे?

मराठी फाँटांचा प्रश्न

आपल्या व्यवसायापुरता सर्वांत बिकट भाग हाच असल्याने त्याचा थोडा विस्ताराने विचार करू. संगणकाच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक मानकात सन १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. आपल्याकडील जुने फाँट मात्र तसे चालत नसत. त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवली होती. आपण 'आरोग्यवर्धिनी' असे टंकलिखित केले, तरी फाइलमध्ये साठत होती ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. फाँट केवळ त्यांना देवनागरीचा पोशाख चढवीत असे. नव्या संगणकावर तो फाँट नसला की पोशाख गळतो आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची गर्दी दिसते. फाइल बिघडलेली नसते. ती वाचण्याची किल्ली हरवलेली असते. म्हणून जुन्या संगणकावरील फाँटांच्या फायली आणि त्यांचे मूळ सॉफ्टवेअर, परवान्याच्या चकतीसह व असल्यास डोंगलसह, प्रथम जपून ठेवावे.

त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करता येतो. त्यासाठी रूपांतरके उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फाँटाची मांडणी वेगळी असते. श्रीलिपीसाठी केलेले रूपांतरक सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी सुरेख फाँटाला चालत नाही. म्हणून आधी फाइल कोणत्या फाँटात आहे ते पाहावे. एकाच फाइलमध्ये दोन फाँट असण्याचे प्रकारही पुष्कळ आहेत.

रूपांतरात चुका कोठे होतात हे कळले, तर तपासणी सोपी होते. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचे नेमके उलट आहे: जुन्या फाँटांत तो अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये आधी येतो. रूपांतरकाला ही अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षर आले की त्याचा गोंधळ उडतो. आता आपल्या शास्त्रातील शब्द पाहा: चूर्ण, कर्पूर, निर्गुंडी, त्रिभुवनकीर्ती. रफाराविना आपले पान हलत नाही! 'आरोग्यवर्धिनी' या एका शब्दात तर एकाच अक्षरावर रफार आणि वेलांटी दोन्ही आहेत. परीक्षेसाठी असे दहा-बारा शब्द निवडावेत आणि तेवढेच आधी रूपांतरित करून पाहावेत. ते शुद्ध उतरले, तरच पुढील फायली हाती घ्याव्यात.

शब्द चुकला तर वाचणाऱ्याला निदान कळते. मात्रेचे तसे नाही. अर्ध्याचे चिन्ह (½), अंशाचे चिन्ह (°) ही ज्या क्रमांकांवर असतात, तेच क्रमांक अनेक जुन्या फाँटांनी अर्ध्या अक्षरांसाठी वापरले आहेत. त्यामुळे इंग्रजी आणि मराठी मिसळून लिहिलेल्या निर्माणपत्रकात रूपांतरक अर्ध्याच्या चिन्हाचे अक्षर करील, अथवा ते गाळून टाकील. 'दीड'चा 'एक' झाला तर वाक्य बिनचूकच दिसते. ज्या योगात बचनाग आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट किती गंभीर आहे हे वाचकांस वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्ये असलेल्या प्रत्येक योगाचे पत्रक रूपांतरानंतर मूळ छापील प्रतीशी दोघांनी मिळून, एकाने मोठ्याने वाचून व दुसऱ्याने पाहून, ताडावे असा आमचा आग्रह आहे. येथे यंत्रावर विसंबू नये.

तक्त्यांतील बदल

एक्सेलमध्ये आणखी एक खोड आहे. जुन्या प्रणालीतून साध्या मजकुराच्या स्वरूपात काढलेली यादी एक्सेलमध्ये थेट उघडली, की ते स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावू लागते. 'गोळ्या १-२' यातील मात्रा वेगळ्या रकान्यात इंग्रजी आकड्यांत असेल, तर तिची १ फेब्रुवारी ही तारीख होते. बॅच क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर ते शून्य गळते. दोन आकड्यांमध्ये इंग्रजी 'ई' हे अक्षर असेल, तर त्या बॅच क्रमांकाची प्रचंड मोठी संख्या बनते. अशी फाइल एकदा जतन केली की मूळ नोंद परत मिळत नाही. (या खोडीला कंटाळून सन २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी मानवी जनुकांपैकी काहींची नावेच बदलली, म्हणजे ती तारखा बनणार नाहीत!) उपाय सोपा आहे. फाइल थेट न उघडता एक्सेलमधील माहिती आयात करण्याच्या सोयीतून आणावी आणि मात्रा, बॅच व परवाना क्रमांकांचे रकाने आधीच 'मजकूर' म्हणून ठरवावेत.

वर्डच्या जुन्या डॉक फायली नव्या वर्डमध्ये सहसा उघडतात. शीर्षपट्टीवर सुसंगतता अवस्थेची सूचना दिसते. ती दिसताच रूपांतर करण्याची घाई करू नये. मूळ डॉक तशीच ठेवून डॉकएक्स प्रत वेगळ्या नावाने जतन करावी. लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअरही जुन्या डॉक, एक्सएलएस आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली वाचते. खर्च टाळावयाचा असेल त्यांनी ते जरूर पाहावे. पाने थोडी सरकतात, तक्त्यांच्या रेषा हलतात, एवढे गृहीत धरावे.

पेजमेकरमध्ये केलेली लेबले हे मात्र वेगळेच दुखणे आहे. त्या फायली आजच्या इनडिझाइनमध्ये थेट उघडत नाहीत. जुना संगणक चालू आहे तोवरच प्रत्येक लेबलाची, फाँट अंतर्भूत करून, पीडीएफ प्रत काढून घ्यावी. अशी पीडीएफ डोळ्यांना अचूक दिसते आणि छापता येते. तीत शब्द शोधता येत नाहीत, कारण आत तीच रोमन अक्षरे असतात.

पादांशिक क्रम

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात सात्म्य झालेली अहितकर सवय एकदम न सोडता पादापादाने सोडावी आणि हितकर गोष्ट तशीच पादापादाने स्वीकारावी, असा क्रम सांगितला आहे. संगणकाच्या बाबतीत आम्हास याहून चांगली रीत आढळली नाही. एकाच रविवारी संगणक, विंडोज, ऑफिस आणि बिलांचे सॉफ्टवेअर असे सारे बदलले, तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे कोणासही सांगता येत नाही.

प्रथम सर्व माहितीच्या दोन प्रती वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक वास्तूबाहेर ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडते का हे पाहिल्यावाचून ती प्रत नव्हे. मग नवा संगणक जुन्याच्या शेजारी मांडावा आणि केवळ प्रतींवर प्रयोग करावेत. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत हे विशेष पाळावे, कारण नव्या आवृत्तीने एकदा स्वीकारलेली माहिती जुन्या आवृत्तीत बहुधा परत उघडत नाही. एक पूर्ण महिना दोन्हीकडे बिले करावीत. महिनाअखेर विक्री, कर, शिल्लक साठा आणि प्रत्येक उधारी-खाते ताडून पाहावे. एका रुपयाचाही फरक आला, तर कारण सापडेपर्यंत जुनी प्रणालीच प्रमाण मानावी. दुप्पट काम होते हे खरे. म्हणून हा महिना मार्चचा नसावा.

डॉसवर चालणारी जुनी बिलप्रणाली ज्यांच्याकडे अद्याप आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज ११ केवळ ६४ बिटांचे आहे आणि त्यावर १६ बिटांचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. विक्रेता 'बसवून देतो' म्हणाला, तर आपल्यासमोर एक बिल छापून दाखवावयास सांगावे. डॉसबॉक्ससारख्या साधनाने प्रोग्राम सुरू होतो, परंतु जुन्या डॉट-मॅट्रिक्स छपाईयंत्राशी त्याचे जमेलच असे नाही. अशा वेळी डीबीएफ फायलींतून ग्राहक, साठा व जुनी बिले बाहेर काढून घेणे आणि पुढील बिले नव्या प्रणालीत सुरू करणे आम्हास अधिक शहाणपणाचे वाटते.

नवी प्रणाली घेताना विक्रेत्यास एकच प्रश्न अवश्य विचारावा: उद्या आम्ही तुमचे सॉफ्टवेअर सोडले, तर आमची सर्व माहिती कोणत्या स्वरूपात आमच्या हाती देणार? उत्तर लेखी घ्यावे. जो याचे उत्तर टाळतो, त्याच्याकडील स्वस्त सौदाही महागच पडतो.

जुना संगणक लगेच भंगारात देऊ नये. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. तोवर तो संगणक इंटरनेट व इतर संगणकांपासून पूर्ण तोडून ठेवावा, दोन महिन्यांतून एकदा सुरू करून पाहावा आणि त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा तंत्रज्ञाकडून काढून घ्यावी. त्यावर पासवर्ड असेल, तर तो बंद लिफाफ्यात लिहून औषध परवान्याच्या मूळ कागदांसोबत ठेवावा.