उसाच्या पट्ट्यातली गिअरबॉक्स

आण्विक पाणबुडीत अणुभट्टीची उष्णता वाफ तयार करते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते, मिनिटाला हजारो फेरे. शेपटाकडचा पंखा मात्र सावकाशच फिरावा लागतो. तो भरधाव सुटला, तर पात्यांभोवती बुडबुडे फुटतात आणि शत्रूच्या सोनारला आयता माग मिळतो. म्हणून टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये वेग उतरवणारी गिअरबॉक्स बसवतात. तिच्या दात्याची घडण जराशी फसली, तर ठरावीक सूर उठतो आणि त्यावरून पाणबुडी ओळखता येते. चर्चा क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याची होते. पण क्षेपणास्त्रे डागण्याआधी बोट लपून राहायला हवी, आणि ते बरेचसे या दात्यांच्या हाती असते.

‘आयएनएस अरिहंत’ची गिअरबॉक्स पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरची. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला बोट पाण्यात उतरली, तेव्हा लार्सन अँड टुब्रोच्या सांगाड्याबरोबर इंदापूर तालुक्यातल्या या कारखान्याचेही नाव पुढे आले. साखरेच्या गावाने पाणबुडीचा भाग घडवावा, याचे नवल वाटायचे कारण नाही. उसाच्या चरकाचे रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतात आणि त्यांना फिरवणारे वाफेचे टर्बाइन हजारो. तिथेही काम वेग उतरवण्याचेच. फरक एवढाच, की साखर कारखान्यातल्या खडखडाटाची कुणी तक्रार करत नाही.

वालचंदनगरला ज्यांचे नाव, ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, रेल्वेच्या कंत्राटांवर मोठे झालेले. सिंदिया कंपनीच्या विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्यामागेही तेच होते. त्याची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी तिथले पहिले जहाज ‘जलउषा’ नेहरूंनी पाण्यात सोडले. १९५३ मध्ये वालचंद गेले; कारखाना पुढे पूर्णपणे सरकारी झाला, तोच हिंदुस्तान शिपयार्ड. त्याच शहरात पुढे ‘अरिहंत’ बांधली गेली.

‘अरिहंत’ची ८३ मेगावॅटची भट्टी साध्या पाण्यावर आणि समृद्ध युरेनियमवर चालते, १० ऑगस्ट २०१३ रोजी ती क्रियाशील झाली.

गस्तीवरच्या बोटीला सुटा भाग मागवता येत नाही. संदेश पाठवला, तर ठावठिकाणा उघडा पडतो. म्हणून पंप, झडपा अशी यंत्रे शक्यतो जोडीने बसवतात आणि लहान सुटे भाग बोटीतच ठेवतात. अमेरिकेच्या ओहायो वर्गातल्या बोटी सरासरी ७७ दिवस समुद्रात आणि ३५ दिवस बंदरात असतात. एवढ्या थोड्या मुदतीत यंत्रांचे मोठे भाग बदलता यावेत, म्हणून त्यांना रसद आत घेण्यासाठी तीन रुंद दारे मुद्दाम ठेवली आहेत.

मुख्य गिअरबॉक्स असल्या दारातून निघत नाही. ती काढायची, तर सांगाडाच कापावा लागतो. शिवाय तिची दातेरी चाके एकमेकांशी जुळवून घेतलेली असतात. एकाचा दाता तुटला, तर सहसा सगळी जोडीच बदलावी लागते. एकाच वर्गाच्या बोटी बांधण्याचा फायदा इथे दिसतो: एका बोटीसाठी घडवून ठेवलेला संच दुसरीलाही बसू शकतो. २९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘आयएनएस अरिघात’ नौदलात दाखल झाली आणि अरिहंत वर्गातल्या बोटी दोन झाल्या.