गेन म्हणजे आवाजाचा नॉब नव्हे! गाडीतला सबवूफर का जळतो आणि ॲम्प्लिफायर कसा सेट करायचा?

गाडीत नवा 12 इंची सबवूफर बसतो. डिकीतून बेस असा येतो की मागची नंबर प्लेट थरथरते. पहिले काही दिवस मजेत जातात. मग एखाद्या रात्री हायवेवर गाणे सुरू असताना जळल्यासारखा वास येतो, बेस फाटतो आणि थोड्याच वेळात डिकी गप्प होते. दुकानात नेल्यावर उत्तर मिळते, ‘कॉइल जळाली आहे, यात वॉरंटी मिळत नाही.’

अशा वेळी संशय आधी वूफरच्या कंपनीवर जातो. पण तपासायची पहिली जागा वेगळी आहे. ती म्हणजे ॲम्प्लिफायरवरचा, ‘गेन’ किंवा ‘लेव्हल’ असे लिहिलेला छोटा नॉब. तो आवाज वाढवण्यासाठी आहे असे समजून अनेक जण शेवटपर्यंत फिरवतात आणि तिथेच घोटाळा होतो. हा नॉब नेमके काय करतो आणि साध्या मल्टिमीटरने तो कसा लावायचा, हे समजून घेऊ.

गेन म्हणजे नेमके काय?

डॅशबोर्डवरचा स्टिरिओ आरसीए वायरमधून ॲम्पला अगदी लहान व्होल्टेजचा सिग्नल पाठवतो. काही स्टिरिओ जास्तीत जास्त 2 व्होल्ट देतात, काही 4 किंवा 5 व्होल्ट. किती व्होल्ट आत आले की पूर्ण ताकद बाहेर द्यायची, हे ॲम्पला सांगावे लागते. ते सांगण्याचे काम गेन करतो. म्हणजे गेन हा स्टिरिओ आणि ॲम्प यांची जोडी जुळवणारा नॉब आहे.

अनेक ॲम्पवर या नॉबभोवती 6 व्होल्टपासून 0.2 व्होल्टपर्यंत आकडे असतात. 0.2 व्होल्ट ही ‘मॅक्स’ची बाजू. तिथे नॉब ठेवला की फक्त 0.2 व्होल्ट आत आले तरी ॲम्प पूर्ण ताकदीला पोहोचतो. आता स्टिरिओ 4 व्होल्ट देणारा असेल, तर सिग्नल गरजेपेक्षा 20 पट मोठा झाला. स्टिरिओचा आवाज थोडासा वाढवला तरी ॲम्पचा दम संपतो. त्यापुढे नॉब कितीही फिरवला तरी ॲम्पचे स्वच्छ वॅट वाढत नाहीत, आवाज फक्त बिघडत जातो.

मग वूफर जळतो कसा?

प्रत्येक ॲम्पला व्होल्टेजची एक कमाल मर्यादा असते. सिग्नल त्याहून मोठा झाला की लाटेचा वरचा आणि खालचा शेंडा सपाट कापला जातो. यालाच ‘क्लिपिंग’ म्हणतात. गोलाईदार लाट हळूहळू चौकोनी होत जाते. तेवढ्याच उंचीच्या पूर्ण चौकोनी लाटेत साध्या लाटेच्या दुप्पट शक्ती असते. म्हणजे 300 वॅटचा ॲम्प पुरता क्लिप झाला, तर गणिताने 600 वॅटपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्षात बॅटरी आणि वायरिंग त्याला थोडा लगाम घालतात, पण धोका राहतोच.

दुसरे कारण गाण्यात दडलेले आहे. गाण्यातला ठोका क्षणभराचा असतो. दोन ठोक्यांच्या मध्ये कॉइलला थंड व्हायला वेळ मिळतो. गेन वाढवून ठेवला की मोठे ठोके मर्यादेला अडकतात आणि मधले हलके भाग वर येतात. सरासरी शक्ती वाढते, कॉइलची विश्रांती संपते.

वूफरला मिळालेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होतो. बाकीच्याची उष्णता होते आणि ती आधी कॉइलमध्येच साठते. ही कॉइल म्हणजे बारीक तारेचे वेटोळे. त्यावरचे वॉर्निश आणि गोंद तापून सुटू लागले की तो ओळखीचा वास येतो. पुढची पायरी म्हणजे तार तुटणे किंवा वेटोळे चुंबकाच्या फटीत अडकणे.

कमी वॅटचा ॲम्प लावला तर वूफर सुरक्षित?

याबाबत दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणजे, छोटा ॲम्प वूफरला काही करूच शकत नाही. दुसरा म्हणजे, कमी पॉवरने वूफर जळतो. दोन्ही अर्धवट आहेत. कमी पॉवर मिळाली म्हणून वूफर जळत नाही, तो फक्त हळू वाजतो. पण 400 वॅटच्या वूफरवर 300 वॅटचा ॲम्प लावून, बेस कमी वाटतो म्हणून गेन शेवटपर्यंत नेला, तर 600 वॅटचे वरचे गणित लागू होते. त्यामुळे नीट लावलेला मोठा ॲम्प हा चुकीच्या लावलेल्या छोट्या ॲम्पपेक्षा सुरक्षित ठरू शकतो.

आधी खरे वॅट शोधा

खोक्यावर ठळक छापलेला ‘मॅक्स’ वॅटचा आकडा बाजूला ठेवा. उपयोगाचा आकडा ‘आरएमएस’ वॅटचा. ॲम्पवर ‘सीटीए-2006’ किंवा जुन्या नावाने ‘सीईए-2006’ असे मानक लिहिले असेल, तर तो आकडा 14.4 व्होल्टवर आणि जास्तीत जास्त 1 टक्का विकृतीवर मोजलेला असतो.

तसे काही नसेल तर ॲम्पवरचा फ्यूज पाहा. 40 अँपिअरचा फ्यूज असेल, तर 40 गुणिले 14.4 म्हणजे 576 वॅट आत जातात. क्लास-डी ॲम्पची कार्यक्षमता साधारण 80 टक्के धरली, तर बाहेर सुमारे 460 वॅट येतात. त्याच ॲम्पच्या खोक्यावर 1200 वॅट लिहिले असतील, तर कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हे उघड आहे.

वूफरचे आरएमएस वॅटही पाहा. ॲम्प आणि वूफर यांपैकी जो आकडा लहान, तोच हिशेबाला घ्या.

ओहम विसरू नका

वूफर किती ओहमचा आहे आणि कसा जोडला आहे, यावर सगळे गणित अवलंबून आहे. 4 ओहमच्या दोन कॉइलचा वूफर समांतर जोडला तर 2 ओहम होतो, एकसर जोडला तर 8 ओहम. ॲम्प किमान किती ओहम सहन करतो हे त्याच्या माहितीपत्रकात असते. त्याखाली गेल्यास वूफरच्या आधी ॲम्प जाईल. मल्टिमीटरवर 4 ओहमची कॉइल 4 पेक्षा थोडी कमी दिसते, ते सामान्य आहे. गणितात कंपनीने दिलेला आकडाच घ्या.

किती व्होल्टवर थांबायचे?

सूत्र शाळेतल्या विज्ञानाचेच आहे. वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करा, त्याचे वर्गमूळ काढा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारे काम आहे. नेहमी लागणारे काही आकडे असे :

- 300 वॅट, 4 ओहम : 34.6 व्होल्ट
- 300 वॅट, 2 ओहम : 24.5 व्होल्ट
- 500 वॅट, 4 ओहम : 44.7 व्होल्ट
- 500 वॅट, 2 ओहम : 31.6 व्होल्ट
- 1000 वॅट, 1 ओहम : 31.6 व्होल्ट

गेन लावण्याची पद्धत

लागणारे साहित्य : साधा डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि पेन ड्राइव्हमध्ये 50 हर्ट्झचा, 0 डेसिबलचा टेस्ट टोन. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झचीच असते. त्यामुळे स्वस्तातला मीटरसुद्धा या फ्रिक्वेन्सीवर भरवशाचा आकडा दाखवतो.

1. स्टिरिओवरचा इक्वलायझर सपाट करा. बेस शून्यावर, लाउडनेस बंद, सबवूफर लेव्हल शून्यावर ठेवा.

2. ॲम्पवरचा गेन पूर्ण कमी करा. बेस बूस्ट शून्यावर आणा. लो-पास फिल्टर सर्वांत वरच्या आकड्यावर आणि सबसॉनिक फिल्टर असल्यास सर्वांत खालच्या आकड्यावर न्या. डॅशबोर्डजवळ वेगळा बेस नॉब बसवला असेल, तर तो मात्र पूर्ण वाढवून ठेवा.

3. सिस्टीम बंद करून वूफरच्या वायर ॲम्पमधून काढा. सुट्या वायर एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला लागणार नाहीत असे पाहा. वूफर सुटा असल्याने पुढचे सगळे काम बिनआवाजाचे होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये केले तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. दारांचे स्पीकर सुरू असतील तर फेडरने किंवा सेटिंगमधून त्यांचा आवाज बंद करा.

4. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, मोकळ्या हवेत सुरू करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. तिथे साचणारा विषारी वायू जीवघेणा ठरतो.

5. टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या. कमाल 40 असेल तर 30. त्यापुढे अनेक स्टिरिओ स्वतःच क्लिप होऊ लागतात.

6. मीटर एसी व्होल्टवर ठेवा. दोन टोके ॲम्पच्या सबवूफर टर्मिनलवर लावा. ॲम्प ब्रिज केला असेल तर वूफरच्या वायर जिथे जोडल्या होत्या, त्याच दोन टर्मिनलवर लावा. धातूच्या टोकांना हात लावू नका, 40-45 व्होल्टचा झटका बसू शकतो.

7. गेन हळूहळू वाढवा आणि ठरवलेल्या आकड्यावर थांबा. आकडा येण्याआधीच नॉब शेवटाला पोहोचला, तर जबरदस्ती करू नका. सिग्नल कमी येतो आहे किंवा ॲम्पवर छापलेले वॅट खरे नाहीत.

8. आवाज शून्यावर आणा, सिस्टीम बंद करा, वूफर पुन्हा जोडा. लो-पास फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास आणा. बॉक्सला पोर्ट असेल तर सबसॉनिक फिल्टर बॉक्सच्या ट्युनिंगच्या किंचित खाली लावा.

आता 30 हा आकडा गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तीच या सिस्टीमची लक्ष्मणरेषा.

बेस बूस्टचा छुपा सापळा

गेन अचूक लावला आणि नंतर बेस बूस्ट 6 डेसिबलने वाढवला, तर त्या पट्ट्यात ॲम्पकडून सुमारे चौपट शक्ती मागितली जाते. 12 डेसिबलला सोळापट. ॲम्पकडे तेवढी नसते, म्हणून पुन्हा क्लिपिंग. बूस्ट वापरायचाच असेल, तर तो आधी लावा आणि गेन नंतर मोजा. इक्वलायझरवर बेस वाढवण्यालाही हाच नियम लागू आहे.

मल्टिमीटर काय सांगत नाही?

मीटर व्होल्टेज सांगतो, लाट कापली गेली आहे की नाही ते सांगत नाही. ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. शिवाय ही मोजणी वूफर सुटा असताना होते. वूफर जोडल्यावर ॲम्प जास्त करंट ओढतो. 500 वॅटला सुमारे 43 अँपिअर लागतात. बॅटरीपासून आलेली वायर बारीक असेल, तर व्होल्टेज पडते आणि ॲम्प ठरवलेल्या आकड्याआधीच क्लिप होतो. अशा सिस्टीमला 4 गेजची चांगली तांब्याची वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. तो फ्यूज वायरला आग लागू नये म्हणून असतो. वायरिंगची खात्री नसेल, तर निघालेल्या आकड्याच्या थोडे खालीच थांबावे.

कंपनीकडून आलेल्या स्टिरिओला आरसीए आउटपुट नसेल आणि स्पीकरच्या वायरमधून सिग्नल घेतला असेल, तरी पद्धत हीच. मात्र गाणी ज्या मार्गाने ऐकता, टोनही त्याच मार्गाने वाजवा. ब्लूटूथ वापरत असाल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवूनच मोजा.

हे स्वतः जमणार नसेल तर?

फिटरला एकच प्रश्न विचारा : ‘गेन कानाने लावलात की मीटरने?’ अनुभवी कानाला फाटका आवाज कळतो, पण बेसमधले सुरुवातीचे क्लिपिंग ऐकून ओळखणे अवघड असते. मीटरने मोजायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

आणि गाणे सुरू असताना ठोका फाटका वाटला, आवाज वाढवूनही बेस वाढेनासा झाला किंवा डिकीतून वास आला, तर गाणे संपायची वाट पाहू नका. आवाज लगेच कमी करा, सिस्टीम बंद करा आणि वूफर थंड होऊ द्या. वास आला म्हणजे कॉइल गेलीच असे नाही. त्या क्षणी हात नॉबकडे गेला, तर ती वाचू शकते.