राणीची बाग : जनावर आणण्याआधीचे काम

टिटवाळ्याहून सुटणारी सीएसएमटी लोकल भायखळ्याला थांबते. या एका सोयीमुळे राणीची बाग ही मांडा-टिटवाळ्याच्या घरांचीही बाग झाली आहे. टिटवाळा स्टेशन सीएसएमटीपासून ६४ किलोमीटरवर. तिथून पोराबाळांना वाघ दाखवायला न्यायचे म्हणजे डबा, पाण्याच्या बाटल्या आणि येण्याजाण्यात अर्धा दिवस. इतक्या लांबून आलेल्या माणसाला बागेत काय दिसते, यावर या दीडशेहून अधिक वर्षांच्या जागेचे मोल ठरवायला हवे. तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा ती वनस्पतींची बाग होती. १८७३ मध्ये ती महापालिकेकडे आली आणि १८९० मध्ये प्राण्यांसाठी तिला आणखी जमीन जोडण्यात आली. आज सुमारे ५३ एकरांत २८०हून अधिक जातींची तीनेक हजार झाडे उभी आहेत. गोरखचिंचेची अवाढव्य खोडे आहेत, उर्वशीसारखे दुर्मीळ फुलझाडही आहे. जनावरे इथे नंतर आली, झाडे आधीची. ही गोष्ट पुढच्या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे.

भांडण जुने आहे. २००७ च्या सुमारास महापालिकेने बागेचा कायापालट करायचे ठरवले. ४०० कोटींहून अधिक खर्चाचा, आंतरराष्ट्रीय थाटाचा आराखडा पुढे आला. बाग वारसा यादीत होती आणि झाडांवर कुऱ्हाड येणार असे दिसत होते. सेव्ह राणीबाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशनच्या झेंड्याखाली नागरिक उभे राहिले, वारसा समितीनेही हात आखडता घेतला आणि आराखडा छाटला गेला. छाटला गेला हे बरेच झाले. पण छाटलेला आराखडा आणि नव्याने विचार करून केलेला आराखडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बागेचे काम मग तुकड्यातुकड्यांनी झाले. एक दालन उभे राहिले की त्याचे उद्घाटन, तोवर शेजारच्या भागाभोवती पत्रे, आणि त्या दोहोंमधून वाट काढणारे पाहुणे. एकेक तुकडा पाहिला तर काम वाईट नाही. मुक्त पक्षीविहार तर चांगलाच आहे. दुहेरी दारांतून आत गेले की पक्षी वर, माणसे खालच्या वाटेवर, आणि जाळी इतकी उंच की मान वर केल्याशिवाय तिची आठवण होत नाही. उणीव आहे ती क्रमाची. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे इथे जनावराच्या गरजेने ठरण्याऐवजी उद्घाटनाच्या सोयीने ठरत गेले.

पेंग्विनचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष सहसा उलटा काढला जातो. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांचे कायमचे दालन तेव्हा पूर्ण झालेले नव्हते. नव्या प्राण्याला काही काळ वेगळे ठेवावेच लागते, हे खरे. पण हा काळ लांबत गेला आणि दालन लोकांसाठी उघडायला २०१७ चा मार्च उजाडला. मधल्या ऑक्टोबरात एक पक्षी मेला. मृत्यूचे कारण जंतुसंसर्ग सांगितले गेले, त्याचा ठपका थेट बांधकामावर ठेवणे न्यायाचे नाही. तरी पाहुणे आले आणि घर अपुरे, ही स्थिती कोणत्याच प्राण्यासाठी बरी नव्हे. आता दुसरी बाजू. दालन पूर्ण झाल्यावर तिथे पारा सोळा-अठरा अंशांवर राखला गेला, पाणी गाळणारी यंत्रणा चालू राहिली, त्या पक्ष्यांसाठी खास माणसे नेमली गेली, आणि पेंग्विन रुळले. २०१८ च्या १५ ऑगस्टला जन्मलेले पहिले पिल्लू जगले नाही, पण पुढची जगली आणि कळप वाढला. लोक म्हणतात, पेंग्विनने बाग तारली. माझ्या मते तारले ते पुऱ्या केलेल्या कामाने. भिंत, थंडावा, पाणी, माणूस आणि औषध हे सगळे एका जागी आले, म्हणून तो पक्षी मुंबईच्या उकाड्यात जगला. तोच नियम शेजारच्या वाघाला, तरसाला आणि अस्वलाला लागू केला असता, तर बागेची निम्मी गाऱ्हाणी उरली नसती.

म्हणजे नेमके काय करायचे? काचेपासूनच सुरुवात करू. नव्या दालनांत जुने गज जाऊन मोठ्या काचा आल्या. गजांआडच्या वाघापेक्षा काचेपलीकडचा वाघ बघणे केव्हाही बरे. पण दुपारचे ऊन ज्या बाजूने पाहणाऱ्यावर पडते, त्या बाजूची काच आरसा होते. तिच्यात वाघाऐवजी आपला शर्ट, मागच्या माणसाची टोपी आणि मोबाइल धरलेले हात दिसतात. जनावर दिसत नाही म्हणून लोक काच थोपटतात, पोरे तिच्यावर तळवे आपटतात, आणि पलीकडचे जनावर आणखी मागे सरकते. यावर इलाज लाखो रुपयांचा नाही. पाहणाऱ्यांच्या डोक्यावर खोल छज्जा हवा, बाजूच्या भिंती गडद रंगाच्या हव्यात, म्हणजे पाहणारा अंधारात आणि जनावर उजेडात राहील. काचेला लागून वाफा केला, तर हात काचेपर्यंत पोचणारही नाहीत. नाटकाच्या मांडवात प्रेक्षकांकडचे दिवे मालवतात ते उगाच नव्हे. जनावर त्या बाजूला यावे म्हणून काचेजवळ त्याला आवडणारी जागा करावी. उन्हाळ्यात ओला, गार चौथरा, थंडीत ऊन लागणारा दगड, वर दाट सावली. जनावर आपल्या सोयीने तिथे येते, त्याला तिथे हाकलावे लागत नाही.

त्याहून मोठा प्रश्न आडोशाचा. झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक हाइनी हेडिगर यांनी गेल्या शतकाच्या मध्यावरच सांगून ठेवले होते की जनावराला नुसते क्षेत्रफळ पुरत नाही, त्या जागेत काय आहे ते महत्त्वाचे. माणूस एका ठरावीक अंतराच्या आत आला की जनावराला पळावेसे वाटते, आणि पळायला वाट नसेल तर तो ताण शरीरातच साचतो. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधक स्त्रियांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की निसर्गात लांबवर भटकणारे मांसाहारी प्राणी बंदिवासात अधिक येरझाऱ्या घालतात. पिंजऱ्याच्या एकाच कडेने जाणारा-येणारा बिबट्या पाहून आपण ‘किती रुबाबदार’ म्हणतो, तेव्हा बहुधा आपण त्याचे दुखणे पाहत असतो. म्हणून अर्धवट दालनाच्या सुधारणेत पहिला खर्च मागच्या बाजूचा असावा. रात्रीच्या खोल्या, आजारी जनावराला वेगळे ठेवण्याची जागा, दोन जनावरे एकमेकांना टाळू शकतील अशी दोन दारे, पावसाचे पाणी न तुंबणारा उतार. ही कामे पाहुण्याला दिसत नाहीत आणि त्यांची फीतही कापता येत नाही. त्यांच्याच अभावी पुढचा देखावा फुकट जातो.

देखावा कसा फसतो, याचा धडा पेंग्विनच्याच घरातून मिळतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३४ मध्ये बर्थोल्ड लुबेटकिन यांनी पेंग्विनसाठी पांढऱ्या काँक्रीटचा तलाव बांधला. एकमेकींना वळसा घालणाऱ्या दोन उतरत्या पट्ट्यांचे ते काम वास्तुकलेच्या पुस्तकांत अजून कौतुकाने छापले जाते. त्या काँक्रीटवर चालून पक्ष्यांचे पाय दुखावले. २००४ मध्ये त्यांना तिथून हलवले आणि तो तलाव वारसा म्हणून रिकामाच राहिला. राणीच्या बागेला ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ देण्याची भाषा होते, तेव्हा हा आंतरराष्ट्रीय दाखलाही जवळ असावा.

या सगळ्या सूचनांवर पहिला आक्षेप येतो तो गर्दीचा. टिटवाळ्याहून चार माणसे घेऊन आलेल्या बापाला बिबट्या झुडपात लपलेला चालेल का? तो म्हणेल, पैसे दिले आहेत. २०१७ मध्ये प्रवेशदर पाच रुपयांवरून पन्नास झाला आणि चौघांच्या कुटुंबाला शंभर. तेव्हापासून ही तक्रार वाढली असेल, तर तिला आधार आहे. पण टिटवाळेकराला रांगेचे शास्त्र शिकवायला नको. अंगारकीला महागणपतीच्या देवळात हजारो माणसे पुढे सरकतात. प्रत्येकाच्या वाट्याला क्षणभरच दर्शन येते आणि तेवढ्यावर समाधान होते, कारण रांग नीट आखलेली असते. बागेतही एकाच काचेवर सगळ्यांनी लोटण्यापेक्षा त्याच दालनाला तीन-चार बाजूंनी लहान झरोके ठेवता येतील, मुलांच्या उंचीचे आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या उंचीचे. खाण्याची वेळ पाटीवर लिहावी, खाणे एकाच जागी न टाकता लपवून ठेवावे, म्हणजे जनावर ते शोधत हिंडते आणि लोकांना झोपलेल्या वाघाऐवजी वास घेत फिरणारा वाघ दिसतो. गणपतीला गर्दीचा त्रास होत नाही, बिबट्याला होतो. फरक एवढाच, आणि तो आराखड्यात दिसायला हवा.

दुसरा आक्षेप वरकरणी अधिक सयुक्तिक. भायखळ्यात जागाच नाही, तर सगळी बाग शहराबाहेर न्या, कल्याण-टिटवाळ्याच्या पलीकडे मोकळी जमीन आहेच, असे अधूनमधून कानावर येते. (मुंबईला जे नकोसे होते त्याच्यासाठी आमच्याकडे जमीन नेहमीच मोकळी असते, हा भाग निराळा.) जमीन मोठी मिळाली की काम आपोआप पुरे होते, हा समज मात्र नागपूरच्या गोरेवाड्याने खोटा ठरवला आहे. तिथे ५६४ हेक्टरांच्या उद्यानाचे २६ जानेवारी २०२१ ला उद्घाटन झाले, ते भारतीय सफारीपुरते. आफ्रिकन सफारी मागे राहिली. पुण्यात पेशवे पार्कातली जनावरे १९९९ मध्ये कात्रजला गेली. तिथे १३० एकर जागा मिळाली आणि त्याचा फायदा निश्चित झाला, पण तिथेही एकेक खंदक, एकेक घर वर्षानुवर्षे बांधावेच लागले. जागेची अडचण भायखळ्यात आहे हे मान्य. म्हणूनच तिथे जातींची संख्या कमी हवी. प्रत्यक्षात उलटेच झाले. बागेने सिंहासाठी गुजरातकडे शब्द टाकला, तेव्हा जुनागढच्या सक्करबागेने बदल्यात झेब्रे मागितले. झेब्रे परदेशातून आणायचे होते, ते जमेना, आणि सिंहाचे गाडे अडले. शेजारच्या मफतलाल गिरणीच्या जागेवर परदेशी प्राण्यांसाठी विस्तार करायचा बेत झाला, त्याच्या निविदाही २०२२ मध्ये रद्द झाल्या. या खटाटोपात गेलेली वर्षे आधीच बागेत असलेल्या जनावरांवर खर्ची पडली असती तर? तरस, कोल्हा, अस्वल, बिबट्या, चितळ ही आपल्या रानातली जनावरे आहेत. बिबट्या तर बारवी, तानसा, माळशेजच्या डोंगरांत आजही राहतो. टिटवाळ्याच्या मुलाने जिराफ पाहिला तर त्याला मौज वाटेल. बिबट्या नीट पाहिला, तो झाडावर कसा चढतो, वस्तीजवळ तो का येतो हे पाटीवर वाचले, तर ते त्याला घरी परतल्यावरही उपयोगी पडेल.

तिसरे म्हणणे असे, की प्राणिसंग्रहालये बंदच करावीत. या म्हणण्याला नैतिक वजन आहे. पण बंदिवासात जन्मलेला वाघ उद्या जंगलात सोडता येत नाही. २०२० मध्ये औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणलेली शक्ती आणि करिष्मा ही जोडी संग्रहालयातच वाढलेली, आणि त्यांची पिल्लेही इथलीच. पेंग्विनला चिलीच्या किनाऱ्यावर नेऊन सोडणे हा उपाय नव्हे. जनावरे इथे आहेत आणि आणखी बरीच वर्षे असणार आहेत. त्यांचे घर सुधारण्याचा प्रश्न बंदीच्या वादाची वाट पाहत थांबू शकत नाही.

काम आधी पुरे करण्याचा एक नमुना बागेच्या दाराशीच उभा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे जतनकाम २००३ मध्ये हाती घेतले, २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये ते लोकांसाठी उघडले. आधी काम, मग दार. प्राण्यांच्या बाबतीत एवढे सोपे नाही, कारण मूर्तींना रोज खाऊ घालावे लागत नाही आणि वाघाला कुलूप लावून पाच वर्षे थांबता येत नाही. पण तत्त्व तेच ठेवता येईल. बाग बुधवारी बंद असतेच. तो दिवस गोंगाटाच्या दुरुस्तीला मिळू नये, जनावरांच्या विश्रांतीला मिळावा. जे दालन अर्धवट आहे तिथे नवे जनावर न आणता पाटी लावावी : काय बांधले जात आहे, कोणासाठी, केव्हा पुरे होणार. लोक वाट पाहतात, त्यांना फक्त सांगावे लागते.

नव्या आराखड्याला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मंजुरी लागते, पण मंजुरी मिळते ती कागदाला. पुढच्या विस्ताराची निविदा पुन्हा निघेल तेव्हा तिच्यात दोन अटी घालता येतील. पहिली, रात्रीच्या खोल्या आणि पाण्याचा निचरा पुरा झाल्याचा दाखला पशुवैद्याने दिल्याशिवाय पुढच्या काचेचे बिल निघणार नाही. दुसरी, ठेकेदाराचा शेवटचा हप्ता उद्घाटनाच्या दिवशी न देता, आत जनावर राहत असताना एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर द्यावा. मुंबईच्या पावसात खंदक कुठे भरतो, भिंतीतून ओल कुठे येते आणि कोणत्या कोपऱ्यात जनावर रात्रभर भिजत उभे राहते, हे ऑगस्टच्या आत कोणालाच कळत नाही.