फॉरमॅट मारून न सुटणारं कुलूप

बीड, अंबाजोगाई, माजलगावकडची पोरं शिकायला पुण्याला गेली की लॅपटॉप लागतोच. नवा परवडत नाही, म्हणून कंपनीनं काढून टाकलेला जुना घेतला जातो. यंत्र बहुधा चांगलं निघतं. पण कधी कधी चालू करून वाय-फाय जोडताच पडद्यावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ अशी पाटी आणि एका अनोळखी कंपनीचं नाव येतं. पुढं जायला त्या कंपनीचं लॉगिन मागितलं जातं. ज्या घरात ऊसतोडीच्या उचलीतून शिक्षणाचा खर्च निघतो, तिथं असे पैसे अडकणं फार महागात पडतं. त्यात भर पडते चुकीच्या सल्ल्यांची.

‘फॉरमॅट मारला की जातं.’

जात नाही, कारण लॅपटॉप कंपनीचा असल्याची नोंद लॅपटॉपमध्ये नसतेच. मॅकबुकचा सिरियल नंबर ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेत त्या कंपनीच्या नावावर चढवलेला असतो. कोरा केलेला मॅकबुक इंटरनेटला जोडला की तो ॲपलच्या सर्व्हरकडे चौकशी करतो आणि तिथून मालक कंपनीचं नाव येतं. मॅकओएस नव्यानं टाका, उत्तर तेच येणार. विंडोजच्या लॅपटॉपला हे नसतं, असंही कुणी समजू नये. ‘विंडोज ऑटोपायलट’मध्ये यंत्राच्या भागांवरून तयार केलेली ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. विंडोज पुन्हा टाकल्यानं ती पुसली जात नाही.

‘दुकानदार बायपास करून देतो.’

बायपासमध्ये बहुतेक वेळा एवढंच केलं जातं, की लॅपटॉपला त्या सर्व्हरपर्यंत पोहोचू दिलं जात नाही. नोंद जागच्या जागी राहते. 2023 मध्ये आलेल्या मॅकओएस सोनोमापासून तर ॲपलनं ही पळवाट आणखी अरुंद केली. नोंदणी टाळून पुढं गेलेल्या मॅकवर ती पडदाभर पुन्हा मागितली जाऊ शकते. म्हणजे आज चाललेला लॅपटॉप अपडेटनंतर किंवा पुन्हा कोरा केल्यावर, ऐन परीक्षेच्या तोंडावरही, अडू शकतो. शिवाय कुठून तरी उतरवलेल्या बायपासच्या साधनाला यंत्राचे सगळे अधिकार द्यावे लागतात आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचे व्यवहार करतो. माझं स्पष्ट मत आहे, की बायपास केलेला लॅपटॉप अर्ध्या किमतीतही घेऊ नये.

‘पाटी आली म्हणजे माल चोरीचाच.’

तसंही नाही. जुने लॅपटॉप एकगठ्ठा विकताना कंपन्या डेटा पुसतात, पण नोंद काढायची राहून जाते. अशा वेळी पडद्यावर दिसणाऱ्या कंपनीच्या आयटी विभागाला सिरियल नंबर आणि बिलाचा फोटो जोडून ईमेल करावा. नोंद काढणं त्यांच्या ॲडमिनला अवघड नसतं. मात्र ‘हा आमचा चोरीला गेलेला लॅपटॉप आहे’ असं उत्तर आलं, तर तो वापरणं तिथंच थांबवा, विक्रेत्याला गाठा आणि पोलिसांना कळवा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो अप्रामाणिकपणे जवळ ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे.

‘बिल दाखवलं की ॲपलवाले काढून देतात.’

इथं दोन कुलपांची गल्लत होते. ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ हे सहसा आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं असतं. मूळ खरेदीचं बिल असेल तर त्यात ॲपलकडे मदत मागता येते. कंपनीची नोंद मात्र कंपनीनंच काढायची असते. सर्व्हिस सेंटरच्या हातात ती नाही. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरची तपासणीही इथं कामाची नाही. ती आयएमईआय नंबरवर चालते, म्हणजे मोबाईलसाठी आहे.

‘डेस्कटॉप उघडून दाखवला, मग काय बघायचं?’

खरी परीक्षा नेमकी तिथून पुढं आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर लॅपटॉप पूर्ण कोरा करायला लावा, आपल्या मोबाईलचं हॉटस्पॉट जोडा आणि सेटअप पहिल्यापासून शेवटपर्यंत करा. ‘नेट नंतर जोडू’ असं कुणी म्हणालं तर व्यवहार थांबवा. तासभर गेला तरी चालेल. बिलावर सिरियल नंबर आणि ‘कोणत्याही कंपनीच्या नोंदणीत नाही’ ही ओळ लिहून घ्या.

‘पुण्यात घेतला, आता बीडमधून काय करणार?’

बरंच काही करता येतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. म्हणजे पुण्याच्या दुकानदाराविरुद्धची तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालू शकते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघावं. पण हा कायदा व्यापाऱ्याला लागतो. जाहिरात टाकून स्वतःचा एखादा लॅपटॉप विकणाऱ्या खासगी माणसाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. म्हणून दुकानात हजार-दोन हजार जास्त पडले, तरी पक्कं बिल घेऊनच लॅपटॉप घ्यावा.