क्रोशाचा नमुना : बोटांतून कागदावर

परभणी जिल्ह्यात लग्नघरी रुखवत मांडले जाते, तेव्हा चिवड्या-लाडवांच्या परातींशेजारी क्रोशाच्या वस्तूंना हमखास जागा असते. दारावरचे तोरण, ताटावरचा रुमाल, समईखालची चकती, पाटाभोवतीची महिरप. भाद्रपदात महालक्ष्म्यांची आरास करतानाही हीच कला कपाटातून बाहेर येते. पाहणाऱ्या बायका वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून पाहतात आणि 'विणले कोणी?' असे विचारतात. 'नमुना कोणाचा?' असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. नमुना शेजारणीच्या रुमालावरून उचललेला असतो, एखाद्या जुन्या मासिकातल्या छायाचित्रावरून मोजलेला असतो, किंवा आत्याने आणि तिच्या आत्याने विणलेला म्हणून घरातलाच समजला जातो. प्रत्यक्षात प्रत्येक नमुना कधीतरी, कोणीतरी, चार वेळा उसवून मग जमवलेला असतो.

स्वतः नमुना रचणे, तो दुसरीला विणता येईल अशा रीतीने लिहून काढणे आणि वाटणे, हा विणकामाहून वेगळा छंद आहे. स्वयंपाक येणे आणि पाककृती लिहिता येणे यांत जेवढे अंतर, तेवढेच येथेही. उत्तम विणणाऱ्या कित्येक जणी 'हात आपोआप चालतो' असे सांगतात, ते खरेही असते. पण आपोआप चालणारा हात काय करतो आहे हे मोजून कागदावर उतरवावे लागते, तेव्हा खरा कस लागतो.

क्रोशात सुई एकच, टोकाला आकडा असलेली. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी अनेक टाके सुईवर अडकलेले असतात आणि एक निसटला की खालपर्यंत घसरत जातो. क्रोशात काम चालू असलेला फास बहुधा एकच. त्यामुळे चूक झाली तर दोरा ओढून तेवढाच भाग उसवायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. नवा नमुना शोधणाऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे. दुसरा परिणाम असा की विणकाम कोणत्याही दिशेला वळवता येते. बाजारासाठी खरा क्रोशा विणणारे यंत्र अजून रूढ झालेले नाही. यंत्रावर निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. म्हणजे दुकानात टांगलेली खऱ्या क्रोशाची स्वस्तातली स्वस्त पिशवीही कोणाच्या तरी हातची असते.

नमुना लिहायचा तर टाक्यांना नावे हवीत, आणि मराठी या बाबतीत इंग्रजीपेक्षा सरस ठरते. साखळी म्हणजे साखळी. सुईवर वेढा न घेता विणलेला बुटका टाका तो मुका खांब. एक वेढा घेऊन विणलेला तो खांब, आणि दोन वेढे घेतले की लंब खांब. नाव ऐकताच टाक्याची उंची डोळ्यांसमोर येते. इंग्रजीत मात्र ब्रिटिश पद्धतीत ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्यालाच अमेरिकेत 'सिंगल क्रोशे' म्हणतात, आणि ब्रिटिशांचा 'ट्रेबल' हा अमेरिकेचा 'डबल'. भारतात दोन्ही पद्धतींचे कागद फिरत असतात. ब्रिटिश कागद अमेरिकी समजून विणला तर हातभर रुंद व्हायची चकती दीड हाताची होते आणि दोरा मध्येच संपतो. मराठी नावांतही गावोगाव थोडा फरक असतो. म्हणून जाणकार लेखिका नमुन्याच्या डोक्यावरच 'खांब म्हणजे सुईवर एक वेढा' असा खुलासा करून टाकते.

रचनेतले पहिले गणित गोल चकतीचे. ती सपाट बसत नाही, कधी वाटीसारखी होते तर कधी काठाला झालर पडते, ही नवख्या हातांची नेहमीची तक्रार. कारण शाळेच्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढेल, त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच जवळजवळ उंच असतो, म्हणून मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरात सहा टाके वाढवावे लागतात : पहिल्या फेरात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १८. उरलेली पाव पट दोऱ्याच्या ताणात मुरते. खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच, म्हणून तेथे वाढ बाराची : १२, २४, ३६. याहून कमी टाके वाढवले की वाटी, जास्त वाढवले की झालर. आणखी एक खुबी अशी की दर फेरात वाढ त्याच जागी केली, तर वर्तुळाऐवजी कोपरे असलेला षटकोन तयार होतो. गोलाई हवी असेल तर वाढीच्या जागा सरकवत न्याव्या लागतात.

एवढे उमगले की 'चूक' हेच साधन होते. बाळाच्या डोक्याचा घेर ३८ सेंटिमीटर असेल, तर सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची सपाट चकती विणायची आणि मग वाढ थांबवायची. कडा खाली उतरू लागते आणि टोपडे तयार होते. टाके घटवत नेले की चेंडू होतो. जपानी अमिगुरुमी बाहुल्या आणि त्याच पद्धतीने विणलेल्या आपल्याकडच्या विठ्ठल-रखुमाईच्या मूर्ती, या सगळ्या अशा वाढवण्या-घटवण्यातून उभ्या राहतात. झालरीला तर चक्क विद्यापीठात मान मिळाला. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना तैमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक भूमितीतील पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. कागदाची जी प्रतिकृती हाताळताना फाटत असे, ती लोकरीची झाल्यावर विद्यार्थ्यांना दुमडून, ताणून पाहता आली. पुढे मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थहाइम या भगिनींनी २००५ मध्ये याच तंत्रावर क्रोशाच्या प्रवाळबेटांचा प्रकल्प उभा केला.

दुसरे गणित हाताच्या ताणाचे. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. समजा, नमुना रचणारीच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात. ९० सेंटिमीटरच्या चौकटीसाठी ती १८० टाक्यांचे तोरण सांगेल, आणि कमान १२ टाक्यांची असेल तर १५ कमानी नेमक्या बसतील. हाच कागद घट्ट हाताच्या बाईने घेतला आणि तिचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत असतील, तर १८० टाक्यांचे तोरण ७५ सेंटिमीटरचेच होईल. दाराला वीतभर कमी. दोष दोघींचाही नाही. दोष आहे न लिहिलेल्या एका ओळीचा. म्हणून सुरुवातीला एक छोटा तुकडा विणून टाके मोजायला सांगणे, सुईचा आणि दोऱ्याचा क्रमांक देणे आणि 'कमान १२ टाक्यांची, त्यामुळे एकूण टाके १२ च्या पटीत घ्यावेत' हे स्पष्ट करणे आवश्यक असते. शेवटची सूचना दिली की वाचणारीला आपल्या दाराच्या मापाचा हिशेब स्वतः करता येतो.

दोऱ्याबाबत परभणीकरांना एक खंत वाटावी. मानवत-सेलूच्या बाजारपेठा कापसासाठी ओळखल्या जातात, पण क्रोशाचा चकचकीत सुती दोरा बाहेरून येतो. ही चकाकी सुताला ताणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढल्याने येते, आणि ती प्रक्रिया मोठ्या गिरण्यांची. येथला कापूस गाठी बांधून जातो आणि रिळे होऊन दुकानात परततो.

देवनागरीची चौकट

रचनेचा सर्वांत रंजक भाग चौकटीच्या जाळीचा आहे. आलेखाच्या कागदावर रिकामी चौकट म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब. भरलेली चौकट म्हणजे साखळ्यांच्या जागीही खांब. दोन शेजारच्या चौकटींत एक खांब सामाईक असतो, म्हणून ४० चौकटींच्या ओळीला तिप्पट अधिक एक, म्हणजे १२१ टाके लागतात. 'शुभ', 'लाभ', 'सुस्वागतम्', मोर, कलश, गणपती हे सारे या काळ्या-पांढऱ्या चौकटींतून उतरते. इंग्रजी कागदांतील अक्षरे येथे उपयोगी पडत नाहीत. रोमन लिपीतील मोठी अक्षरे एका उंचीत मावतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रेची आणि खाली उकाराची जागा लागते. अक्षर ७ चौकटींचे धरले तर वर ३ आणि खाली ३ मिळून १३ ओळींचा पट्टा हवा. शिरोरेषा मात्र वरदानच, ती एक सलग भरलेली ओळ. न, म, ग यांच्या उभ्या काठ्या सोप्या. ळ आणि ठ यांची वाटोळी वळणे थोड्या चौकटींत ओळखू येत नाहीत, आणि 'स्व'सारखे जोडाक्षर आले की रुंदी वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. येथे प्रत्येक स्त्री नकळत अक्षररचनाकार होते.

यात एक सापळा आहे. चौकट तीन टाके रुंद, पण खांबाची उंची दोन टाक्यांएवढीच. कागदावर सुडौल दिसणारा गणपती त्यामुळे विणल्यावर आडवा पसरतो. उपाय दोन : खांबाऐवजी लंब खांब घ्यावा, किंवा दोनऐवजी एकच साखळी घेऊन चौकट अरुंद करावी. आलेख वाचण्याची दिशाही उलटी. उजव्या हाताने विणणारी पहिली ओळ उजवीकडून डावीकडे वाचते, दुसरी डावीकडून उजवीकडे. सवयीने सगळ्या ओळी अगदी उलट दिशांनी वाचल्या गेल्या तरी बिघडत नाही, कारण ही जाळी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. काम उलटे टांगले की अक्षरे सरळ!

खुणांनी नमुना सांगण्याची रीत मराठी घरांना नवी नाही. ठिपक्यांची रांगोळी 'मध्ये १५ ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ८' एवढ्या शब्दांत एका गावातून दुसऱ्या गावात जाते. क्रोशाच्या आकृतीतही साखळीला लंबगोल, खांबाला उभी रेघ आणि तिच्यावर जितके वेढे तितक्या तिरक्या खुणा, अशी चिन्हभाषा आहे. ती भाषेपलीकडची असल्याने जपानी पुस्तकातील आकृतीही गंगाखेडला विणता येते. तरी शब्दांतील सूचना टाळता येत नाहीत. चिन्ह कोठे सुई घालायची ते दाखवते, पण 'ही कड सैल ठेवा, नाहीतर चकती आत ओढली जाते' हे शब्दच सांगू शकतात. आणि नमुना वाटण्याआधी तो अन्य कोणीतरी, लेखिकेला एकही प्रश्न न विचारता, विणून पाहायला हवा. ती जेथे अडते, तेथे सूचना अपुरी आहे असे खुशाल समजावे.

छापील क्रोशा-नमुन्यांचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. 'पेनेलोपे' या डच मासिकात १८२० च्या दशकात असे नमुने आले होते. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांच्या पुस्तकांनी ते घराघरांत नेले. त्याच दशकात आयर्लंडमधील बटाट्याच्या दुष्काळात क्रोशाच्या जाळीवर अनेक कुटुंबे तगली. तेथे पाना-फुलांचे काही नमुने घराण्याचे गुपित म्हणून जपले जात, असे सांगतात. वाटण्याइतकेच लपवणेही या कलेच्या परंपरेत आहे, आणि पोटाचा प्रश्न असेल तेथे त्यात वावगे काय?

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण आंध्र प्रदेशातील नरसापूरचे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शिकवलेली ही लेस गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातील हजारो स्त्रियांचे उत्पन्नाचे साधन झाली. परभणी जिल्ह्यातून वाहत जाणारी गोदावरी तिकडेच समुद्राला मिळते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना 'घरी बसून फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी' ठरवल्यामुळेच त्यांची मजुरी अत्यल्प ठेवता आली, आणि नफा निर्यातदारांकडे गेला. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छंद हा शब्द गोड आहे, पण मोल ठरवताना तो स्त्रियांना महागात पडतो, हे बचत गटांच्या प्रदर्शनात तोरणाचा भाव करणाऱ्या ग्राहकानेही ध्यानात घ्यावे.

हक्क कोणाचा?

नमुना वाटला की तो आपला राहतो का, हा प्रश्न ओघाने येतोच. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लिहिलेल्या सूचना आणि काढलेली आकृती यांवर ती करणारीचा हक्क निर्मितीबरोबरच जन्माला येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. व्यक्तीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क तिच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र संरक्षण मिळते ते मांडणीला, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. त्यामुळे 'कमानीचे तोरण' ही कल्पना किंवा खांब विणण्याची पद्धत कोणाच्या मालकीची होत नाही. मात्र कोणी लिहिलेली पाने जशीच्या तशी छापून विकणे हे उल्लंघन ठरते. याच कायद्याचे कलम ५७ लेखिकेला आपले कर्तेपण सांगण्याचा वेगळा हक्क देते. नमुना विकून टाकला तरी तो शाबूत राहतो.

वस्तूच्या बाह्यरूपाला संरक्षण हवे असेल तर डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करावी लागते. तिची मुदत १० वर्षे, पुढे ५ वर्षांची वाढ. पण अट अशी, की अर्जापूर्वी ते रूप जाहीर झालेले नसावे. मैत्रिणींच्या गटात सर्रास वाटलेला नमुना नंतर नोंदवायला गेल्यास अडचण येऊ शकते. उलट बाजूही आहे. नोंदणीयोग्य असूनही न नोंदवलेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा निघाली, की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. म्हणजे 'वाटायचा की राखायचा' हा निर्णय पहिला कागद हातावेगळा करण्याआधीच घ्यावा लागतो. बहुतेक छंदी स्त्रिया वाटणेच पसंत करतात.

वाटण्याची ताकद मोठीही असते. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने घरोघरी विणलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण उभे केले आणि गिनेस विक्रम नोंदवला. एकमेकींना न पाहिलेल्या स्त्रियांचे चौकोन काठाला काठ लावून जुळले, ते सर्वांनी एकच माप पाळल्यामुळे.

परभणीत या विषयाला शास्त्रीय आधारही आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान, म्हणजे आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात वस्त्रशास्त्र शिकवले जाते. ज्यांना तेथवर जायचे नाही, त्यांना चौकटीची वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि एक रीळ पुरेसे आहे. घरातल्या जुन्या रुमालापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. टाके मोजावेत, आकृती काढावी, आणि पानाच्या कोपऱ्यात तो रुमाल विणणारीचे नाव व गाव लिहावे. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवर हे काम उरकलेले बरे.