कनातीमागची सर्कस सांगणारी पुस्तकं

घर सोडून सर्कशीत जाणारं मूल बालसाहित्यात पुन्हा पुन्हा भेटतं. जेम्स ओटिस या अमेरिकन लेखकाचा टोबी टायलर १८८१ मध्ये पुस्तकरूपात वाचकांपुढे आला, तो असाच पळून आलेला. हा सदा भुकेला पोरगा सर्कशीत खाऊ विकणाऱ्याच्या हाताखाली राबतो, मार खातो, मिस्टर स्टब्ज नावाच्या माकडाला जीव लावतो आणि दहा आठवड्यांत शहाणा होऊन घरी परततो. बाहेरून दिसणारी सर्कस आणि आतली सर्कस यांतलं अंतर ओटिसने मुलांपासून लपवलं नाही. सर्कशीवरच्या पुस्तकाला मीही हीच कसोटी लावतो. वाचकाला गॅलरीतून उठवून ते कनातीमागे नेतं का?

मुलांच्या हाती

या कसोटीला पुरेपूर उतरणारं पुस्तक म्हणजे नोएल स्ट्रेटफील्ड यांचं १९३८चं 'द सर्कस इज कमिंग'. त्याला ब्रिटनमधलं मानाचं कार्नेगी पदक मिळालं. सांभाळणारी नातेवाईक बाई वारल्यावर पीटर आणि सँटा ही भावंडं सर्कशीतल्या काकाकडे पळून जातात. मौजमजा होईल अशी त्यांची समजूत असते. पण तिथल्या त्यांच्याच वयाच्या मुलांच्या अंगी कसब असतं, रोजच्या सरावाची शिस्त असते, आणि आपल्याला काहीच धड येत नाही हे या दोघांच्या लक्षात येतं. कष्टाशिवाय कसब येत नाही, ही गोष्ट उपदेशाचा एकही डोस न पाजता लेखिका मुलांच्या गळी उतरवते.

याहून लहान मुलांसाठी त्याच वर्षीचं एनिड ब्लायटन यांचं 'मिस्टर गॅलियानोज सर्कस' आहे. जिमी आणि त्याची लकी नावाची कुत्री यांची ही कथा हलकीफुलकी आहे. मोठ्याने वाचून दाखवायला उत्तम. ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या १९४५च्या पहिल्या पिप्पी-पुस्तकात सर्कशीचं एक प्रकरण आहे. पिप्पी प्रेक्षकांतून उठते, घोड्यावर चढते, तारेवर चालते आणि ताकदवान पहिलवानाला लोळवते. रिंगणात उतरावं असं ज्या मुलाला वाटलंय, त्याच्या मनातली इच्छा इथे पुरी होते.

फेलूदा या गुप्तहेराचे चाहते असलेल्या मुलांना सत्यजित राय यांची 'छिन्नमस्तार अभिशाप' ही कथा जरूर द्यावी. हजारीबागला आलेल्या ग्रेट मॅजेस्टिक सर्कशीतून सुलतान नावाचा वाघ निसटतो आणि तपासाला रंग चढतो. या वाघाच्या शिक्षकाला राय यांनी करंदीकर हे मराठी आडनाव दिलं आहे. ते अगदी सहज पटतं, त्याचं कारण पुढे येईल.

एक पुस्तक मात्र मोठ्यांनी मुलांच्या शेजारी बसून वाचावं. दिमित्री ग्रिगोरोविच यांची १८८३ची रशियन कथा, 'रबरी मुलगा'. अनाथ पेत्या बेकर नावाच्या कठोर कसरतपटूच्या हाती सापडतो. श्रीमंत घरची मुलं ज्याची वाट पाहत असतात, त्या खेळातच तो उंचावरून कोसळतो. टाळ्या वाजवणाऱ्यांचीही काही जबाबदारी असते, हा विचार ही कथा मनात पेरते.

मोठ्यांचं वाचन

आधुनिक सर्कशीचा जन्म घोड्यापासून झाला. १७६८ मध्ये फिलिप ॲस्टली या माजी घोडदळ सैनिकाने लंडनमध्ये घोडेस्वारीचे खेळ सुरू केले. घोडा गोल रिंगणात धावला की पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराला तोल सावरणं सोपं जातं. सर्कशीच्या रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास याच घोडेस्वारीतून रूढ झाला.

डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स'मधली (१८५४) सर्कसही घोडेस्वारांचीच. घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या सिसी जूपला शाळेत घोड्याची व्याख्या करता येत नाही. पुस्तकी बिट्झर मात्र ती घडाघडा म्हणतो. गिरण्यांच्या काजळलेल्या शहरात माणुसकी शिल्लक राहते ती फिरत्या तंबूत. अडचणीच्या वेळी धावून येतात तेही स्लीअरीच्या सर्कशीतलेच लोक.

काफ्काच्या १९२२च्या 'उपास-कलावंत' या कथेचा सूर वेगळा आहे. उपास करून दाखवणारा माणूस लोकांची आवड बदलल्यावर सर्कशीत जनावरांच्या वाटेवरच्या पिंजऱ्यात येऊन पडतो. तो मरतो आणि त्या पिंजऱ्यात एक तरणा बिबळ्या ठेवला जातो. कलाकाराच्या हयातीतच प्रेक्षक पाठ फिरवतो, तेव्हा काय होतं हे या काही पानांत आहे.

भारतीय सर्कशीच्या वातावरणात घडणारी एक मोठी कादंबरी जॉन आयर्विंग या अमेरिकन लेखकाने लिहिली, 'ए सन ऑफ द सर्कस' (१९९४). टोरांटोत स्थायिक झालेला मूळचा मुंबईचा अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. दारूवाला बुटकेपणाचं आनुवंशिक कारण शोधण्यासाठी सर्कशीतल्या ठेंगण्या विदूषकांच्या रक्ताचे नमुने गोळा करतो. आर. के. नारायण यांनी 'ए टायगर फॉर मालगुडी'मध्ये (१९८३) कथाच राजा नावाच्या वाघाच्या तोंडी दिली. चाबूक, भूक आणि भीती यांतून खेळ कसा शिकवला जातो, हे तिथे पिंजऱ्याच्या आतून दिसतं. पुढे १९९८च्या सरकारी अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं आणि माकडांचे खेळ बंद केले. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. पेत्याची आणि मालगुडीच्या राजा वाघाची व्यथा साहित्याने कायद्याच्या किती तरी आधी ओळखली होती.

आपल्या मातीतली कथा

भारतीय सर्कशीची सुरुवात मराठी माणसाने केली. विष्णुपंत छत्रे हे घोडे शिकवण्यात निष्णात. मुंबईत आलेली इटालियन चिआरिनीची सर्कस पाहून त्यांनी जिद्दीने स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली; १८८० मध्ये तिचा खेळ झाला. हेच विष्णुपंत ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांकडे गाणं शिकलेले, आणि हद्दूखाँसाहेबांचे चिरंजीव रहिमतखाँ यांना त्यांनीच सांभाळलं. देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी पुढे नावारूपाला आल्या. राय यांचा करंदीकर सहज पटतो तो या परंपरेमुळे. छत्र्यांशी संबंध आल्यावर केरळात तलश्शेरीच्या कीलेरी कुन्हिकण्णन यांनी कसरतपटू घडवायला घेतले आणि पुढे तीच भूमी सर्कस-कलाकारांची खाण झाली. या सगळ्याचा सामाजिक इतिहास निशा पी. आर. यांच्या 'जम्बोज अँड जम्पिंग डेव्हिल्स' (२०२०) या अभ्यासपूर्ण इंग्रजी ग्रंथात वाचायला मिळतो.

मराठी वाचकाने आधी हाती घ्यावं असं पुस्तक मात्र दामू धोत्रे यांचं 'वाघ सिंह माझे सखे सोबती'. शब्दांकन भानू शिरधनकर यांचं. १९०२ मध्ये पुण्यात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच मामाच्या सर्कशीत शिरला आणि १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सच्या रिंगणात पोचला. वेगवेगळ्या जातींची हिंस्र जनावरं एकाच पिंजऱ्यात घेऊन काम करणारा शिक्षक म्हणून त्यांची ख्याती झाली. अशा जनावरांचे खेळ आज आपल्याला नको आहेत आणि ते बंद झाले हे योग्यच झालं. तरीही हे पुस्तक वाचायला हवं, कारण मराठी माणसाने जगाच्या रिंगणात मिळवलेलं कसब त्यात त्याच्याच शब्दांत आहे. मुलांसोबत वाचताना त्या काळचं धाडस आणि आजची प्राण्यांविषयीची समज, दोन्हींवर मोकळेपणाने बोलावं.

झोक्यांवर आयुष्य काढलेल्या बायका, तंबू ठोकणारे कामगार, विदूषक, तारेवरचे कसरतपटू यांच्यापैकी अनेक जण आज निवृत्त आहेत. आठवणी सांगायला ते आहेत तोवर त्या लिहून घेतल्या पाहिजेत. विष्णुपंत छत्र्यांचं चरित्र तर मराठी मुलांच्या हाती चित्रांसह, नव्या देखण्या रूपात यायला हवं: घोडे, गाणं, प्रवास आणि जिद्द, मुलांना आवडणारं सगळं त्यात आहे. आपल्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी हे काम अंगावर घ्यावं. पालकांनी आणि शाळांनी तोवर धोत्र्यांचं पुस्तक शोधून काढावं आणि मुलांच्या हातात ठेवावं.