लहान कुत्र्याची खाज : कारणें व उपाय

शेतावरील बैल, गाई व म्हशी यांच्या दुखण्यांविषयीं वेळोवेळीं लिहिण्यांत येतें. परंतु अंगणांत वावरणाऱ्या कुत्र्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पुष्कळ शेतकरी कुटुंबांत राखणीच्या मोठ्या कुत्र्याबरोबर स्पिट्झ जातीचें केसाळ, ५ ते ७ किलो वजनाचें लहान कुत्रेंही आढळतें. असें कुत्रें रात्रंदिवस अंग खाजवूं लागलें व त्याचे केस झडूं लागले, कीं घरधनी गोठ्यांतील गोचिडांच्या औषधाची बाटली हातीं घेतो. ह्या एका चुकीनें कुत्रें दगावूं शकतें; म्हणून ह्या विषयाचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

खाज हा स्वतंत्र रोग नसून तें रोगाचें लक्षण आहे. कुत्रें नेमकें कोठें खाजवितें हें पाहिल्यास कारणाचा बराच अंदाज करतां येतो.

शेपटीच्या बुंध्याशीं, कमरेवर व मांड्यांच्या मागील बाजूस खाज असल्यास प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. खालीं ओलें पांढरें फडकें पसरून केस विंचरावे. पडलेले काळे कण विरघळून तांबूस डाग उमटले, तर ती पिसवांची विष्ठा होय. तींत रक्त असतें. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी, म्हणजे आपल्या भाषेंत वावडें, असलेल्या कुत्र्यास थोडे दंशही पुरे होतात. म्हणून अंगावर पिसू न दिसतांही खाज चालू राहते. पिसवेचीं अंडीं अंगावरून गळून अंथरुणांत व जमिनीच्या भेगांत पडतात, आणि पुढें कोशांत पिसू कित्येक महिने दडून राहूं शकते. यास्तव घरांतील सर्व कुत्र्यामांजरांस एकाच वेळीं औषध द्यावें, अंथरूण गरम पाण्यानें धुवावें व हा क्रम निदान ३ महिने चालवावा. मात्र कुत्र्याचें औषध मांजरास लावूं नये. परमेथ्रिन मांजरास घातक आहे.

कानांच्या कडा व पायांचीं कोपरें यांवर खपल्या धरून असह्य खाज सुटली, आणि घरांतील माणसांच्या अंगावरही पुरळ उठलें, तर ती लूत समजावी. ही सूक्ष्म किडीपासून होते व एका कुत्र्यापासून दुसऱ्यास लागते. लुतीचा दुसरा प्रकार केसांच्या मुळांशीं राहणाऱ्या किडीचा. ती पिलास आईपासून मिळते, व तो सांसर्गिक नाहीं. हा भेद कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यानें कळतो.

हीं कारणें नसल्यास वावड्याचा विचार करावा. परागकण, घरांतील धूळ व बुरशी यांचें वावडें बहुधा ६ महिने ते ३ वर्षे ह्या वयांत दिसूं लागतें. कुत्रें पंजे सतत चाटतें, तोंड घासतें, त्याचे कान लाल होतात. अन्नाचें वावडें मात्र बारमाही असतें. त्यांत गोमांस, दूध, कोंबडी व गहू हे पदार्थ विशेष आढळतात. परीक्षेसाठीं ८ आठवडे पूर्वीं कधीं न खाल्लेलें एकच मांस व भात एवढेंच द्यावें. दूधपोळीचा एक घांसही देऊं नये. खाज थांबली व जुनें अन्न देतांच परत आली, तर कारण सांपडलें.

आतां गोठ्यांतील औषधाविषयीं. आयव्हरमेक्टिनच्या १ टक्का इंजेक्शनाचें गुरांचें प्रमाण ५० किलो वजनास १ मिलिलिटर असतें. तेंच १ मिलिलिटर ६ किलोच्या कुत्र्यास टोचलें, तर वजनाच्या मानानें तो गुरांच्या मात्रेच्या आठपटींहून अधिक होतो. कोली जातीच्या कित्येक कुत्र्यांस आनुवंशिक दोषामुळें आयव्हरमेक्टिनची थोडी जास्त मात्राही मेंदूस बाधते. गोचिडांवर फवारण्याचें औषध कुत्रें अंग चाटून पोटांत घेतें. जळकें इंजिन ऑइलही तसेंच विषारी आहे. अशी वस्तु चुकून लागलीच, तर ती धुवून काढून कुत्र्यास त्वरित दवाखान्यांत न्यावें.

घरीं करण्याजोगा उपाय साधा आहे. आठवड्यांतून एकदां कोमट पाण्यानें, कुत्र्यांसाठीं केलेला शांपू वापरून न्हाऊं घालावें. औषधी शांपू असल्यास १० मिनिटें अंगावर ठेवून मग धुवावा. माणसांचा साबण त्याच्या कातडीस मानवत नाहीं. शेतांतून आल्यावर पंजे ओल्या फडक्यानें पुसून कोरडे करावे. पावसाळ्यांत दाट केसांच्या मुळांशीं ओल राहूं देऊं नये.

पू, दुर्गंधी किंवा कानांतून स्राव दिसल्यास पशुवैद्यास दाखवावें. प्रेडनिसोलोनच्या गोळीनें खाज लवकर शमते. पण ती दीर्घकाळ दिल्यास तहान, भूक व लघवी वाढते आणि कातडी पातळ होते. म्हणून ती आपल्या मनानें सुरू अगर बंद करूं नये. परागकण व धुळीचें वावडें समूळ जात नाहीं. तें आटोक्यांत ठेवावें लागतें, हें मालकानें आधींच समजून घ्यावें. बैलाच्या खांद्यास आवाळू आलें तर आपण प्रथम जूं तपासतों. कुत्र्याच्या खाजेसही तोच न्याय लावावा : आधीं कारण, मग औषध, आणि तेंही त्याच्या वजनाप्रमाणें.